बेल आइल : बेट शहराचे, कारभार राज्याचा

अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या मध्यवर्ती भागातून मोटारीने निघाल्यास दहा मिनिटांत डेट्रॉइट नदीवरील मॅकआर्थर पूल लागतो. सुमारे ६७० मीटर लांबीचा हा पूल ओलांडला की बेल आइल हे बेट सुरू होते. बेटाच्या एका बाजूला डेट्रॉइटच्या उंच इमारती दिसतात, तर दुसऱ्या बाजूला नदीपलीकडे कॅनडातील विंडसर शहर. क्षेत्रफळ ९८२ एकर. न्यूयॉर्कचे सुप्रसिद्ध सेंट्रल पार्क ८४३ एकरांचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या बेटाच्या विस्ताराची कल्पना यावी. जुने जंगल, तलाव, वाळूचा किनारा, काचेच्या घुमटाचे वनस्पती उद्यान, मत्स्यालय आणि सहलीला आलेल्या कुटुंबांसाठी पसरलेली हिरवळ असे हे शहराचे अंगण आहे. वर्षाकाठी येथे होणाऱ्या भेटींची संख्या अलीकडे ५० लाखांच्या घरात गेली आहे.

हे बेट डेट्रॉइट शहराच्या मालकीचे आहे. मात्र १० फेब्रुवारी २०१४ पासून त्याचा कारभार शहर पाहत नाही. मिशिगन राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने ते ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले असून, राज्य उद्यान म्हणून तो विभाग ते चालवितो. या व्यवस्थेला एक तपाहून अधिक काळ लोटला आहे. बेटाची अवस्था सुधारली, याबद्दल फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो वेगळ्याच मुद्द्यावर. आर्थिक अडचणीत सापडलेल्या शहराची सार्वजनिक जागा दुसऱ्याच्या हाती सोपविण्याचा निर्णय कोणी घ्यायचा, आणि एकदा सोपविलेली जागा परत घेण्याची ताकद त्या शहरात उरते का, हा तो मुद्दा होय.

दोन लाखांची खरेदी

स्थानिक ओजिब्वे लोक या बेटाला हंसांचे बेट म्हणत. फ्रेंच वसाहतकारांनी येथे डुकरे पाळली आणि बेटाचे नावही त्यावरूनच पडले. १८४५ मध्ये, मिशिगनचे माजी गव्हर्नर लुईस कॅस यांची कन्या इझाबेला हिच्या सन्मानार्थ ते बदलून ‘बेल आइल’ करण्यात आले. पुढे कॅम्पो घराण्याकडे असलेली ही जागा शहराने १८७९ मध्ये दोन लाख डॉलरला विकत घेतली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे एक रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्याकडून १८८०च्या दशकात आराखडा करवून घेण्यात आला. त्यातील काही भागच प्रत्यक्षात उतरला. १८८९ मध्ये पहिला पूल झाला. तो १९१५ मध्ये आगीत नष्ट झाला आणि १९२३ मध्ये सध्याचा पूल खुला झाला.

मोटार उद्योगाच्या भरभराटीच्या काळात बेटाचे वैभव वाढत गेले. वास्तुविशारद अल्बर्ट कान यांच्या कचेरीने आखलेले मत्स्यालय आणि वनस्पती उद्यान १९०४ मध्ये सुरू झाले. १९२५ मध्ये कॅस गिल्बर्ट यांनी आखलेले संगमरवरी जेम्स स्कॉट कारंजे उभे राहिले. त्याची कथा मोठी रंजक आहे. स्कॉट हे जुगार आणि खटलेबाजी यांसाठी बदनाम गृहस्थ. आपली संपत्ती शहराला देताना त्यांनी कारंज्यासोबत स्वतःचा पूर्णाकृती पुतळाही उभारण्याची अट घातली. अशा माणसाचा पुतळा सार्वजनिक जागेत असावा का, यावर शहरात बराच काळ वाद झाला. अखेर देणगी स्वीकारली गेली आणि पुतळाही बसला. बेटावर काय असावे हे ठरविताना सारे शहर भांडते, ही परंपरा तेव्हापासूनची आहे.

पुलावरची अफवा

या बेटाच्या प्रवेशद्वाराचा प्रश्न डेट्रॉइटकरांना इतका नाजूक का वाटतो, हे समजून घेण्यासाठी २० जून १९४३ या रविवारकडे जावे लागते. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत कामासाठी दक्षिणेतून हजारो कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय कामगार शहरात आले होते. घरे अपुरी, उकाडा प्रचंड. त्या दिवशी सुमारे एक लाख लोक बेटावर होते. संध्याकाळी परतणाऱ्या गर्दीत दोन्ही समाजांच्या तरुणांत मारामाऱ्या सुरू झाल्या आणि त्या पुलावर पसरल्या. रात्री अफवा उठली, की गोऱ्यांनी एका कृष्णवर्णीय स्त्रीला तिच्या तान्ह्या मुलासह पुलावरून नदीत फेकले. गोऱ्या वस्त्यांत याच्या उलट अफवा पसरली. दोन्ही खोट्या होत्या. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत ३४ जणांचा बळी गेला. त्यांतील २५ कृष्णवर्णीय होते आणि त्यांपैकी १७ जण पोलिसांच्या हातून मारले गेले. केंद्राच्या फौजा रस्त्यावर उतरल्यावरच शहर शांत झाले.

पुढच्या काही दशकांत गोरा मध्यमवर्ग उपनगरांकडे निघून गेला. १९५० मध्ये साडेअठरा लाख लोकसंख्या असलेल्या या शहरात २०१० मध्ये सात लाख १४ हजारांच्या आसपास माणसे उरली आणि त्यांतील दहांपैकी आठ कृष्णवर्णीय होती. ज्या बेटाच्या पुलावर एकेकाळी त्यांच्या समाजातील माणसांना मार खावा लागला, ते बेट आता त्यांचे हक्काचे ठिकाण बनले होते. वाढदिवस, कुटुंबमेळावे, लग्नानंतरची छायाचित्रे, उन्हाळ्यातल्या संध्याकाळी गाडीतून मारलेली चक्कर, सारे काही तेथेच होई. प्रवेशाला पैसे पडत नव्हते. २०१३ च्या वादात अनेकांनी आपल्या विरोधाचे कारण म्हणून हीच भावना पुढे केली, ती केवळ जुन्या आठवणींची हळहळ म्हणून सोडून देता येणार नाही.

तिजोरी रिकामी

अर्थात, दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. माणसे गेली तसा कर गेला. मात्र सांभाळायचे रस्ते, वाहिन्या आणि उद्याने तेवढीच राहिली. बेटावरील प्राणिसंग्रहालय २००२ मध्ये आणि शंभर वर्षे जुने मत्स्यालय २००५ मध्ये बंद झाले. स्वच्छतागृहांना कुलपे लागली, वाळलेली झाडे तशीच उभी राहिली. मत्स्यालय २०१२ मध्ये पुन्हा उघडले, ते नागरिकांच्या संस्थेने आणि स्वयंसेवकांनी पुढाकार घेतल्यामुळे.

याच काळात एक विलक्षण प्रस्ताव पुढे आला. जानेवारी २०१३ मध्ये रॉडनी लॉकवुड या बांधकाम व्यावसायिकाने सुचविले, की खासगी गुंतवणूकदारांनी हे बेट एक अब्ज डॉलरला विकत घ्यावे आणि तेथे स्वतःचे चलन व स्वतःचे कायदे असलेली, ३५ हजार लोकवस्तीची जवळपास स्वतंत्र सत्ता स्थापन करावी. नागरिकत्वासाठी तीन लाख डॉलर मोजावेत, अशीही त्यात कल्पना होती. प्रस्तावाची बहुतेकांनी थट्टाच केली. तरीही एक गोष्ट त्यातून स्पष्ट झाली. शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले, की त्याच्या प्रत्येक मोकळ्या जागेकडे कोणीतरी किंमत लावणाऱ्याच्या नजरेने पाहू लागतो. शहराच्या कला संग्रहालयातील चित्रांवरही पुढे अशीच वेळ आली आणि देणगीदार, राज्य व संग्रहालय यांनी मिळून उभारलेल्या निधीमुळेच ती वाचली.

निर्णय कोणाचा?

बेट राज्याकडे देण्याचा पहिला प्रस्ताव नगर परिषदेसमोर जानेवारी २०१३ मध्ये होता. परिषदेने त्यावर मतदान करण्याचे टाळले आणि गव्हर्नर रिक स्नायडर यांनी तो मागे घेतला. येथवर सारे लोकशाहीच्या नेहमीच्या रीतीने झाले. पुढचे तसे झाले नाही.

मार्च २०१३ मध्ये राज्याने डेट्रॉइटवर केव्हिन ऑर यांची आणीबाणी व्यवस्थापक म्हणून नेमणूक केली. आपल्याकडील महापालिकेवरील प्रशासकाशी या पदाचे साम्य आहे. फरक इतकाच, की महापौर आणि परिषद जागेवर असतानाच त्यांचे बहुतेक अधिकार या व्यक्तीकडे गेले. ज्या कायद्याखाली ही नेमणूक झाली, त्याचा इतिहासही बोलका आहे. आधीचा अशाच स्वरूपाचा कायदा मिशिगनच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मधील सार्वमतात रद्द केला होता. पुढच्याच महिन्यात विधिमंडळाने जवळपास तसाच नवा कायदा संमत केला आणि त्याला निधीची तरतूद जोडली. मिशिगनमध्ये निधीची तरतूद असलेल्या कायद्यावर सार्वमत मागता येत नाही.

१८ जुलै २०१३ रोजी शहराने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. देणी सुमारे १८ अब्ज डॉलर. अमेरिकेच्या इतिहासातील कोणत्याही शहराची एवढी मोठी दिवाळखोरी झाली नव्हती. १ ऑक्टोबरला ऑर आणि राज्य यांच्यात बेटाचा करार झाला. मुदत ३० वर्षे, आणि पुढे १५-१५ वर्षांची दोनदा वाढ शक्य. नगर परिषदेने तो एकमताने फेटाळला आणि दहा वर्षांच्या मुदतीचा पर्यायी करार सुचविला. कायद्यानुसार दोन्ही प्रस्ताव राज्याच्या आपत्कालीन कर्ज मंडळापुढे गेले. नोव्हेंबरमध्ये मंडळाने ३० वर्षांचा करार उचलून धरला. थोडक्यात, देणारा राज्याने नेमलेला, घेणारे राज्य, आणि वाद सोडविणारे मंडळही राज्याचेच.

परिषदेची मागणी नीट पाहिली तर राज्याची मदत तिलाही नको होती असे दिसत नाही. मदत घ्यावी, मात्र दहा वर्षांनी पुन्हा बसून हिशेब करावा, एवढेच तिचे म्हणणे होते. दिवाळखोरीतून शहर डिसेंबर २०१४ मध्ये, म्हणजे अर्जानंतर सतरा महिन्यांत बाहेर पडले. त्या सतरा महिन्यांच्या संकटात झालेला करार मात्र किमान तीस वर्षे चालणार आहे. तात्पुरत्या संकटासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने एवढ्या दीर्घ मुदतीची बांधिलकी शहरावर टाकावी का, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर बेटाच्या आजच्या हिरवळीतून मिळत नाही.

अकरा डॉलरचा दरवाजा

राज्याचे व्यवस्थापन आल्यावर सर्वांत आधी बदलला तो प्रवेश. मोटारीने येणाऱ्या मिशिगनकरांना ‘रिक्रिएशन पासपोर्ट’ आवश्यक झाला. २०१४ मध्ये त्यासाठी वर्षाला ११ डॉलर पडत. नंतर त्यात थोडी वाढ झाली. हा परवाना गाडीच्या नोंदणीबरोबर घेता येतो आणि राज्यातील सर्व राज्य उद्यानांत चालतो. पायी, सायकलने किंवा बसने येणाऱ्यांना आजही पैसे पडत नाहीत.

रक्कम मोठी नाही. ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स यांसारख्या उपनगरांत मोटार उद्योगानिमित्त स्थायिक झालेल्या अभियंत्यांना, त्यांत मराठी कुटुंबेही आली, ती जाणवणारही नाही. राज्यातील इतर उद्यानांना ते जाणारच असतात; त्यांच्यासाठी बेल आइल हे परवान्याबरोबर मिळालेले आणखी एक ठिकाण. शहरातील ज्या कुटुंबाला बेटापलीकडे कोणत्याही उद्यानात जाणे परवडत नाही, त्याच्यासाठी मात्र तो केवळ बेल आइलचाच दर ठरतो. एकच शुल्क दोन घरांत दोन अर्थांनी पोहोचते, ते असे.

शुल्कापेक्षाही अधिक कुरकुर झाली ती बंदोबस्ताबद्दल. बेटावर राज्याचे पोलीस आणि नैसर्गिक संसाधन विभागाचे अधिकारी गस्त घालू लागले. पहिल्याच उन्हाळ्यात वाहने अडवून तपासण्याचे प्रमाण वाढल्याच्या तक्रारी झाल्या. सुरक्षितता वाढली असे सांगणारेही अनेक होते. १९४३ चा इतिहास ज्या समाजाच्या स्मरणात आहे, त्याला पुलाच्या तोंडाशी उभा असलेला गणवेश कसा दिसत असेल, याचा विचार मात्र कागदोपत्री करारात कोठे दिसत नाही.

जमा आणि खर्च

तरीही जमेची बाजू भक्कम आहे, हे मान्य करावे लागेल. करारापोटी शहराला भाडे मिळत नाही. वर्षाला अंदाजे ४० ते ६० लाख डॉलरचा देखभालीचा भार उतरला, हाच त्याचा मोबदला. स्वच्छतागृहे सुरू झाली, वाळलेली झाडे हटली, रस्ते आणि निवारे दुरुस्त झाले. वनस्पती उद्यानाचा जीर्ण घुमट दुरुस्तीसाठी २०२२ च्या अखेरीस बंद करण्यात आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये उद्यान पुन्हा खुले झाले. डच उद्यानरचनाकार पीट औडोल्फ यांनी आखलेली बाग २०२१ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तिच्यामागे स्थानिक स्वयंसेवकांचे श्रम आणि देणग्या आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये बेटावरील १९६०च्या दशकातील मोठी घसरगुंडी पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिच्यावरून उसळत खाली येणाऱ्यांची चित्रफीत जगभर पाहिली गेली. काही तासांतच घसरगुंडी बंद करून वेग आवरावा लागला. हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट. पण ओसाडीसाठी गाजणारे बेट गमतीसाठी गाजू लागले, हाही बदलच.

मोटार शर्यतीचा वाद मात्र नव्या व्यवस्थेच्या मर्यादा आणि शक्यता दोन्ही दाखवितो. डेट्रॉइट ग्रांप्री १९९२ पासून, अधूनमधून खंड पडत, बेटावर होत असे. शर्यत तीन दिवसांची. मात्र अडथळे, जाळ्या आणि प्रेक्षकसज्जे उभारण्यात व काढण्यात ऐन वसंत-उन्हाळ्यातले आठवडेच्या आठवडे जात. सार्वजनिक बेटाचा एक भाग खासगी सोहळ्यासाठी का अडवावा, असा प्रश्न नागरिकांचे गट सातत्याने विचारीत राहिले. आयोजक शुल्क देत आणि सुधारणांसाठी पैसेही उभे करीत, हे प्रशासनाचे उत्तर असे. २०२३ पासून शर्यत शहराच्या मध्यवर्ती रस्त्यांवर गेली. निर्णय आयोजकांचा असला, तरी बेट मोकळे झाले. निवडणुकीत जाब विचारता न येणाऱ्या व्यवस्थेपुढेही लोक आपले म्हणणे लावून धरू शकतात, एवढा दिलासा त्यातून मिळतो. त्यासाठी दहा वर्षे लागली, हेही विसरता येत नाही.

यशाचीही आता अडचण होऊ लागली आहे. उन्हाळ्यातील गर्दीच्या दिवशी बेट भरले, की वाहनांसाठी पूल काही काळ बंद करावा लागतो. अशा दिवशी लवकर पोहोचणारा आत, उशिरा येणारा बाहेर, हा न्याय लागू होतो. जवळ राहणाऱ्या, पण कामावरून दुपारी सुटणाऱ्या माणसाच्या वाट्याला बहुधा दुसरा पर्याय येतो.

खरा प्रश्न २०४४ चा

कराराची मूळ मुदत २०४४ च्या सुमारास संपेल. तेव्हा शहराला बेट परत घेता येईल, असे कागद सांगतो. प्रत्यक्षात ते किती शक्य आहे, याची चिंता आज करण्याजोगी आहे. तीस वर्षांत शहराच्या उद्यान विभागातील बेल आइल चालविण्याचा अनुभव असलेली माणसे निवृत्त झालेली असतील. अंदाजपत्रकात त्या खर्चाचे शीर्षक राहिलेले नसेल. बेटाचे नकाशे, वाहिन्यांच्या नोंदी, कंत्राटे, स्वयंसेवी संस्थांशी असलेले संबंध हे सारे राज्याच्या कचेरीत असेल. मालकी टिकते; कसब मात्र वापरले नाही तर जाते. मग १५ वर्षांची मुदतवाढ हा निर्णय न राहता केवळ उपचार उरेल, आणि त्यानंतरची १५ वर्षेही त्याच वाटेने जातील. भाडेपट्टा कायमचा होण्यासाठी कोणी कट करावा लागत नाही. शहराने तयारी न करणे पुरेसे असते.

डेट्रॉइटचे दिवस थोडे पालटले आहेत. अनेक दशकांच्या घसरणीनंतर लोकसंख्येचे २०२३ आणि २०२४ चे अंदाज किंचित वाढ दाखवितात. अंदाजपत्रकेही ताळ्यावर आली आहेत. या पार्श्वभूमीवर बेट आजच परत मागावे, असे म्हणण्यात शहाणपण नाही. पन्नास लाख भेटींचा भार पेलणारी यंत्रणा शहराकडे आज नाही. मात्र मधली वाट उपलब्ध आहे. बेटाच्या नियोजनात शहराच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना अधिक वजनदार स्थान देता येईल. शहरातील अल्प उत्पन्न कुटुंबांसाठी परवान्याचा भार उचलता येईल, पुलावरची बससेवा गर्दीच्या दिवशी वाढविता येईल, शहराचे कर्मचारी राज्याच्या कर्मचाऱ्यांबरोबर बेटावर काम करू शकतील. यांतील कशासाठीही करार मोडावा लागत नाही. त्यासाठी लागते ती, २०४४ मध्ये वाटाघाटीच्या टेबलाशी दोन जाणकार पक्ष बसावेत, ही इच्छा.

१८७९ मध्ये दोन लाख डॉलर देऊन बेट घेणाऱ्या नगरपित्यांना दिवाळखोरीची कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांनी एवढेच केले, की नदीतली जागा एका घराण्याकडून काढून साऱ्या शहराच्या नावावर केली. राज्याने ती जागा वाचविली, हे श्रेय त्याला द्यावेच लागेल. तिच्यावर नाव अजून शहराचे आहे. त्या नावाला काही अर्थ उरला आहे का, हे २०४४ पूर्वी डेट्रॉइट काय तयारी करते, त्यावर ठरेल.